तारखेच्या दिवशीच पेपर

तुरुंगातल्या एखाद्या बाईला पदवी मिळाली की तिची बातमी होते. अधीक्षकांच्या हस्ते प्रमाणपत्र, मागे विद्यापीठाचा फलक, समोर टाळ्या वाजवणाऱ्या बायांची रांग आणि मथळ्यात हमखास ‘गजाआड’ हा शब्द. बातमी छापायला हरकत काहीच नाही. पण अशा बातम्या इतक्या कमी का, असं विचारलं की जे उत्तर मिळतं ते पटण्यासारखं नाही. बायकांचं अभ्यासात मन लागत नाही, घरची काळजी पोखरत असते, मुलाबाळांत जीव अडकलेला असतो, असं सांगितलं जातं. काळजी असतेच, ती पुरुषांनाही असते. पदवीची गाडी मात्र बहुतेक वेळा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अडते, आधारच्या ओटीपीवर अडते, पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून अडते. आणि या सगळ्यांच्या मुळाशी एकच दुखणं आहे. तुरुंगातलं पदवीशिक्षण एका जागी पाच-सात वर्षं राहणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेलं आहे, आणि तुरुंगातली बाई सहसा तशी राहत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, २०२२ च्या तुरुंगविषयक आकडेवारीत देशभरातल्या बंद्यांची संख्या ५,७३,२२० आहे. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात चार. या चारांतल्या तिघी न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेल्या, तुरुंगाच्या भाषेत कच्च्या कैदी. देशात एकूण १,३३० कारागृहं, त्यांतली खास स्त्रियांसाठीची ३४. महाराष्ट्रात भायखळा आणि येरवडा ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण जिल्ह्याच्या ठिकाणी पकडलेली बाई आधी तिथल्याच कारागृहात जाते. पुरुषांच्या तुरुंगाच्या आत आणखी एक भिंत, आणखी एक कुलूप आणि त्यामागे पंधरा-वीस बाया. शिक्षणाच्या सगळ्या अडचणी या एवढ्या आकड्यांतून सरळ निघतात.

दूरशिक्षणाची जी व्यवस्था तुरुंगांत आहे ती चांगलीच आहे, हे आधी मान्य करायला हवं. तिहारमध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, म्हणजे इग्नूचं, अभ्यासकेंद्र १९९४ मध्ये सुरू झालं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, आणि राज्यातल्या मध्यवर्ती कारागृहांत त्याचीही केंद्रं आहेत. इग्नूने बंद्यांना शुल्कमाफी दिली. मध्यवर्ती कारागृहात शिक्षक असतो, एखादी वर्गखोली असते, परीक्षा आतच होते. जन्मठेपेच्या पुरुष कैद्याला हे सगळं लागू पडतं. तो दहावीपासून सुरुवात करून एमएपर्यंत पोचल्याची उदाहरणं आहेत. पण वर्गखोली पुरुषांच्या सर्कलमध्ये. बायांनी तिथे जायचं नाही, आणि गुरुजींनी बायांच्या विभागात यायचं तर सोबत महिला शिपाई हवी. महिला शिपाई त्या वेळी झडतीवर नाहीतर मुलाकातीवर. मग बायांचा वर्ग ‘आठवड्यातून एकदा’ ठरतो आणि महिन्यातून एकदा होतो. शिवाय संख्या. पुरुषांत बीएला चाळीस जण मिळाले की केंद्राला अर्थ असतो, बायांत चौघी मिळतात. चौघींसाठी समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, पाठवा म्हटलं की विद्यापीठ नाक मुरडतं, आणि त्याच्या हिशेबाने त्याचंही चुकत नाही.

प्रवेशाचे कागद हा तर स्वतंत्र अध्याय आहे. सुरुवात बीएपासून होतच नाही. सगळ्या बंद्यांचं मिळून पाहिलं तर सुमारे दोन तृतीयांश निरक्षर किंवा दहावीच्या आतले. म्हणजे बहुतेक बायांना पदवीआधी एक-दोन पायऱ्या चढायच्या असतात. एक वाट राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याची. तिला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दुसरी एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. जिला नीट वाचता येत नाही तिच्यासाठी तिथे मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क असे तीन स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. पुढे दहावीला पाच विषय, ते पाच वर्षांत आणि नऊ परीक्षांत मिळून सोडवायची मुभा, आणि एकदा सुटलेला विषय जमा राहतो. तुरुंगातल्या बाईला ही दुसरी वाट जास्त मानवते, तीही या शेवटच्या कारणासाठी. तरी अनेक कारागृहांत सवयीने १७ नंबरच भरला जातो, कारण तो कार्यालयातल्या सगळ्यांना माहीत असतो.

आता दाखला. बाईची शाळा माहेरच्या गावात. माहेरच्यांनी संबंध तोडलेले असतात, सासरचे तर बहुधा खटल्यात फिर्यादी किंवा साक्षीदार. गावात जाऊन मुख्याध्यापकांकडून दाखल्याची दुसरी प्रत कोण आणणार? हे काम पत्राने होऊ शकतं. अधीक्षकांच्या सहीशिक्क्याचं पत्र शाळेला आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. महिनाभरात उत्तर नाही आलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकाला पाठवायचं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री म्हणून आणि कोठडीतली व्यक्ती म्हणून, दोन्ही नात्यांनी, तिला मोफत मदतीचा हक्क आहे. तो हक्क जामीनअर्जापुरताच वापरला जातो.

दाखला आला की नाव नडतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि वडिलांचं मधलं नाव. आधारवर नवऱ्याचं. एफआयआरमध्ये पोलिसाने ऐकून लिहिलेलं तिसरंच. आणि लग्नात पाळण्यातलं नाव बदललं असेल तर ‘सुनीता’ आणि ‘वैष्णवी’ एकच बाई आहे हे कागदावर सिद्ध करायचं. कारागृहाची नोंद एफआयआरवरून होते, त्यामुळे शिक्षणाचा फॉर्मही त्याच नावाने भरला जातो. तिथेच चूक होते. विद्यापीठ पुढे गुणपत्रिकेशी ताळा करतं, प्रवेश ‘त्रुटी’त जातो आणि त्रुटी दूर करायची मुदत संपल्यावर ते पत्र बॅरेकमध्ये पोचतं. नियम सोपा आहे: शिक्षणाचा प्रत्येक अर्ज शेवटच्या गुणपत्रिकेवरच्या नावाने, त्याच स्पेलिंगने भरायचा आणि सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. प्रतिज्ञापत्र कारागृहात येणाऱ्या विधी सहाय्य वकिलामार्फत होतं. हे सगळं प्रवेश सुरू होण्याच्या तीन महिने आधी करायचं, प्रवेश सुरू झाल्यावर नाही.

मग ओटीपी. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर पदवीच्या विद्यार्थ्याचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. तिथलं खातं उघडायला डिजिलॉकर, डिजिलॉकरला आधार, आणि आधारशी जोडलेला मोबाईल. तो मोबाईल एकतर पोलिसांनी मुद्देमालात जमा केलेला, नाहीतर सिम नवऱ्याच्या नावावरचं, नाहीतर रिचार्ज न झाल्याने बंद पडलेलं. तुरुंगात फोन नाहीच. याला उपाय म्हणजे कारागृहात आधार नोंदणीचं शिबिर लावून बाईचा क्रमांक बदलून घेणं. पण कोणाचा क्रमांक द्यायचा? काही ठिकाणी कारागृह लिपिकच स्वतःचा नंबर देऊन मोकळा होतो. उद्या ती सुटली आणि लिपिकाची बदली झाली की तिच्या श्रेयांकांची किल्ली भलत्याच माणसाच्या खिशात. शिक्षणकामासाठी कारागृहाच्या नावावर स्वतंत्र मोबाईल क्रमांक, त्याची नोंदवही आणि सुटकेच्या दिवशी बाईच्या स्वतःच्या नंबरवर तो बदलून देण्याची पद्धत, एवढं केलं तर हा प्रश्न उरत नाही. परदेशी बायांचा मात्र उरतोच. भायखळ्यासारख्या ठिकाणी त्या असतात, आणि आधारच नसेल तर पुढचं सगळं ठप्प. भाषेचंही तसंच आहे. इग्नूचं बीए प्रामुख्याने हिंदी-इंग्रजीत, मुक्त विद्यापीठाचं मराठीत. बंगालहून आलेल्या बाईला दोन्हीकडे अर्धवट जागा.

कागद झाले, आता वेळ. हा हिशेब एकदा मांडायलाच हवा. तीन वर्षांच्या पदवीला नव्या रचनेत साधारण १२० श्रेयांक. इग्नूच्या मोजमापात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे एकूण ३,६०० तास. तीन वर्षांत पूर्ण करायचं तर रोज, रविवारी आणि सणावारीसुद्धा, सव्वातीन तासांच्या वर.

बॅरेकमधला दिवस कसा जातो ते बघा. सकाळी सहाच्या सुमारास कुलूप उघडतं. गिनती, चहा, नाश्ता, संडास-आंघोळीची रांग, पाणी ठरावीक वेळेलाच म्हणून त्याच तासात कपडे. दहा-साडेदहाला जेवण. बाराला पुन्हा बंदी, म्हणजे कुलूप, तीनला उघडणार. मधल्या वेळेत मुलाकात, फोनचा नंबर, दवाखाना, वकील. पाचच्या आसपास रात्रीचं जेवण, सहाला कुलूप आणि ते सकाळपर्यंत. रात्री दिवा बंद होत नाही, पण तो पहाऱ्यासाठी असतो, वाचण्यासाठी नाही. टीव्ही चालू, कोणाचं तान्हं रडतंय, कोणाचं भांडण. बसायची जागा म्हणजे स्वतःची पथारी, दोन-अडीच फूट रुंद. टेबल नाही, पाठ टेकायला भिंत मिळाली तर नशीब. अशा दिवसातून सलग दीड तास निघाला तर पुष्कळ. आणि रोज दीड तासाने ३,६०० तास भरायला २,४०० दिवस लागतात, साडेसहा वर्षं. पदवी पूर्ण करायची मुदत सहसा सहा वर्षांची असते. म्हणजे एकही परीक्षा न बुडवता, एकही दिवस आजारी न पडता, शिस्तीने अभ्यास करणारी बाईसुद्धा मुदतीच्या बाहेर जाते. अभ्यासात मन लागत नाही म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार करून पाहावा.

बारा ते तीन या बंदीच्या तीन तासांत याचं उत्तर दडलेलं आहे. बायांच्या विभागातली एक खोली त्या वेळेत अभ्यासासाठी उघडी ठेवायची, एक महिला शिपाई दारात. नवं बांधकाम नको, नवीन पद नको. फक्त अधीक्षकांचा लेखी आदेश आणि हजेरीपट. रोज तीन तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर वर्षाला ९०० तास होतात आणि पदवी चार वर्षांत बसते. बहुतेक सुधारणा निधीवर अडतात. ही मात्र किल्लीवर अडलेली आहे.

आईचा हिशेब आणखी वेगळा. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, तसे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात दिले. २०२२ अखेर देशात १,५३७ बाया १,७६४ मुलांसह तुरुंगात होत्या. पाळणाघर असतं तिथे ते सकाळी चालतं, आणि सकाळीच आईला कामावर जायचं असतं. अभ्यासाच्या वेळी पोर मांडीवर. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांतला ४२ वा नियम नेमका याबद्दल आहे: मातांना उपक्रमांत भाग घेता यावा म्हणून मुलांना सांभाळण्याची सोय करा. पाळणाघराची वेळ अभ्यासाच्या वेळेशी जुळवणं एवढाच त्याचा आपल्याकडचा अर्थ.

स्वाध्यायांकडे, म्हणजे असाइनमेंटकडे, तर कोणाचं लक्षच नसतं. इग्नूत ३० टक्के गुण स्वाध्यायांना, ७० टक्के सत्रान्त परीक्षेला. वर्षाला आठ-दहा विषय धरले तर तेवढे स्वाध्याय, हाताने लिहिलेले, प्रत्येकी पंधरावीस पानं. कोरे कागद कॅन्टीनमधून विकत, आणि कॅन्टीनच्या यादीत लाँगसाइज कागद असेलच असं नाही. झडतीत लिहिलेली पानं उलटीसुलटी होतात, कधी ‘चिठ्ठ्या’ समजून काढून नेली जातात. पूर्ण झालेला स्वाध्याय केंद्रात गेला याची पोच मागायची पद्धत नाही. परीक्षेत पास झालेली बाई निकालात ‘अपूर्ण’ दिसते ती इथे. स्वाध्याय कार्यालयात देताना दोन प्रतींतल्या यादीवर सही घ्यायची आणि एक प्रत बाईकडे ठेवायची. साधी पोचपावती, पण तिच्यावर वर्ष वाचतं.

आणि मग परीक्षा. इग्नूची सत्रान्त परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. न्यायाधीन बाईची तारीख मात्र कोर्टाच्या रोजनाम्यावर, त्याला विद्यापीठाचं वेळापत्रक माहीत नाही. तारखेच्या दिवशीच पेपर आला तर गार्ड तिला कोर्टात नेणार. पेपरची कोऱ्या पानाएवढीही नोंद कुठे होत नाही, नुसतं ‘गैरहजर’. यावर मार्ग आहे, तो आधी धरावा लागतो. वेळापत्रक लागताच त्याची प्रत वकिलाकडे द्यायची, त्याने आधीच्याच तारखेला त्या दिवसापुरता हजेरीमाफीचा किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर करण्याचा अर्ज द्यायचा. कोर्टं सहसा नाही म्हणत नाहीत. वकीलच नको म्हणतो ते साक्षीपुरावा चालू असताना, कारण तारीख पुढे गेली की साक्षीदार फिरतो किंवा जामीन लांबतो. तिथे बाईने कोर्टाचीच निवड करायची, आणि करावीही. सुटका पदवीपेक्षा मोठी. फक्त त्यासाठी तिचे सहा महिने आणि त्या विषयाची एक संधी खर्ची पडू नये. कोर्टाच्या हजेरीमुळे बुडालेला पेपर हा ‘प्रयत्न’ मोजायचा नाही, असा एक ओळीचा निर्णय दोन्ही मुक्त विद्यापीठं घेऊ शकतात.

परीक्षा केंद्र आत नसलेल्या जिल्हा कारागृहातल्या बाईला तर आणखी पायऱ्या. बाहेरच्या केंद्रावर न्यायचं म्हणून कोर्टाची परवानगी, परवानगीनंतर पोलीस मुख्यालयाकडून गार्ड, त्यांत महिला पोलीस हवीच, आणि कधी कधी गार्डचा खर्च बंद्याने भरायचा असा आदेश. निवडणूक, मोर्चा, गणपती यांपैकी काही आलं की गार्ड नाही. वाचनालयाची तऱ्हाही फार वेगळी नाही. अनेक ठिकाणी पुस्तकं पुरुषांच्या बाजूच्या कपाटात असतात आणि बायांकडे पेटीतून येतात, ज्याने पेटी भरली त्याला जी बरी वाटली ती.

इतकं करून पहिलं वर्ष पार पडतं, आणि जामीन होतो. आनंदाची गोष्ट. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मुळे आधी कधीही दोषी न ठरलेल्या न्यायाधीन व्यक्तीला, मृत्युदंड किंवा जन्मठेपेचा गुन्हा सोडून, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर जामिनाचा रस्ता आहे, त्यामुळे असे जामीन वाढायला हवेत. पण बाई संध्याकाळी सुटते, शिक्षणाची फाईल शिक्षण विभागाच्या कपाटात राहते. तिला स्वतःचा नोंदणी क्रमांक पाठ नसतो. तिचं अभ्यासकेंद्र म्हणजे तो तुरुंग. तिथे परत जाऊन परीक्षा कोण देईल? केंद्र बदलता येतं, साध्या अर्जाने, पण हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. तुरुंगाच्या दप्तरी ती ‘सुटका’, विद्यापीठाच्या दप्तरी ‘गैरहजर’, आणि वर्षाच्या अहवालात ‘प्रवेश घेतलेल्या महिला बंदी’ या आकड्यात ती यशस्वी. दुसऱ्या कारागृहात वर्ग झालेल्या बाईचंही हेच. पुस्तकं येतात, फाईल येत नाही.

संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम याबाबत नेमके आहेत. नियम १०४ म्हणतो की तुरुंगातलं शिक्षण शक्य तितकं देशाच्या सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेत गुंफलेलं असावं, म्हणजे सुटल्यावर ते विनाअडथळा पुढे चालू राहील. आपण केंद्र उघडतो, गुंफत नाही. किती बाया पदवीला बसल्या हे मोजणं म्हणूनच फसवं आहे. मोजायचे ते जमा झालेले श्रेयांक, आणि सुटल्यानंतर सहा महिन्यांत किती जणींचं केंद्र बाहेर बदललं गेलं तो आकडा. आजच्या रचनेत ४० श्रेयांकांवर म्हणजे एका वर्षावर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं, दोन वर्षांवर पदविका. कच्च्या कैदेतल्या बाईला तीन वर्षांचं स्वप्न दाखवण्यापेक्षा हे पहिलं वर्ष पदरात पाडून देणं खरं काम. उरलेलं बाहेर.

महाराष्ट्रात दहावी, बारावी, पदवी अशा परीक्षा पास झालेल्या शिक्षाबंद्याला ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळते. योजना चांगली, तिने पुष्कळ पुरुषांना पुस्तकाला हात लावायला लावला. पण माफी शिक्षेतून मिळते. शिक्षाच झालेली नाही त्या बाईला काय माफ करणार? चारांतल्या तिघी आपोआप बाहेर. जिथे प्रोत्साहन म्हणजे माफी एवढंच समीकरण बसतं, तिथे अधिकाऱ्यांचंही लक्ष माफीला पात्र असलेल्यांकडे जातं. ही माफी काढून घ्या असं कोणी म्हणणार नाही. न्यायाधीन बाईच्या श्रेयांकांचा उल्लेख जामीनअर्जासोबतच्या कारागृहाच्या अहवालात व्हावा, एवढी तरी सुरुवात करता येईल.

बायांच्या विभागात ‘पुनर्वसन’ म्हटलं की शिलाई मशीन, ब्युटी पार्लरचा कोर्स, पापड, उदबत्ती. या कामांना नावं ठेवणं सोपं आहे आणि चूकही. ज्या बाईला बाहेरून मनीऑर्डर येत नाही तिचा साबण, तेल, जादाचे सॅनिटरी पॅड आणि फोनचे पैसे याच मजुरीतून येतात. अडचण अशी की शिवणाला मजुरी आहे, अभ्यासाला नाही. सश्रम कारावासाच्या बाईने मशीनवरून उठून वर्गात जायचं म्हणजे त्या तासांचे पैसे सोडायचे. मग वर्गात उरतात त्या घरून पैसे येणाऱ्या, आधीच थोड्याफार शिकलेल्या. जिला पदवीची जास्त गरज ती मशीनवर. हजेरीपटावर नोंदलेले अभ्यासाचे दोन तास कामाचे धरून अर्धकुशल दराने मजुरी द्यावी. महिला बंद्यांची संख्या बघता सरकारला हा खर्च जाणवणारसुद्धा नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे. बाहेरची गरीब पोर फी नाही म्हणून कॉलेज सोडते आणि गुन्हा केलेलीला फुकट पदवी? आक्षेपातला राग खरा आहे, बोट चुकीच्या दिशेला आहे. बाहेरच्या पोरीची फी या बाईने खाल्लेली नाही. शिवाय जिला ‘गुन्हा केलेली’ म्हणतो तिच्यावर बहुतेक वेळा गुन्हा सिद्ध व्हायचा आहे. अमेरिकेने या रागापायी १९९४ मध्ये कैद्यांची पेल शिष्यवृत्ती, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत, बंद केली, तुरुंगांतले कॉलेजचे वर्ग ओस पडले, आणि जवळपास तीन दशकांनी, १ जुलै २०२३ पासून, ती पुन्हा सुरू केली. मधल्या काळात, २०१३ मध्ये, रँड या संस्थेने तिथल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा तुरुंगात शिक्षण घेतलेले पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी दिसली. हा आकडा सगळे देतात म्हणून इथेही दिला, पण बायांच्या बाबतीत त्यावर फार भिस्त ठेवू नये. एकाच घरगुती प्रसंगातून आत आलेली बाई शिकली नाही तरी पुन्हा तो गुन्हा करण्याची शक्यता कमीच. तिच्या शिक्षणाची बाजू गुन्हेगारीच्या आलेखावर तोलणं म्हणजे तिला शिक्षण देण्यासाठी ती धोकादायक असली पाहिजे, असं म्हणण्यासारखं आहे.

पदवीने नोकरी मिळेल का, हा प्रश्न जास्त प्रामाणिक. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी आहे, खासगीतही आता पार्श्वभूमी तपासतात. शिक्षा झालेल्या बाईला पदवी ही दारं उघडून देत नाही, आणि तसं सांगून तिला प्रवेश घ्यायला लावू नये. विषय निवडतानाही हे ध्यानात हवं. विज्ञान शाखा प्रयोगशाळेअभावी अशक्य, समाजकार्याला क्षेत्रकार्य लागतं तेही आतून होत नाही. उरतात कला आणि वाणिज्य. त्यातल्या त्यात वाणिज्य उपयोगाचं ठरतं, कारण हिशेब, जीएसटी, बचत गटाची वही, छोट्या दुकानाचं कर्ज ही कामं कोणाची पडताळणी मागत नाहीत. मराठी किंवा समाजशास्त्र घेणारीला मात्र कोणी अडवू नये. स्वतःचं दोषारोपपत्र स्वतः वाचून वकिलाला दोन प्रश्न विचारणारी बाई या विषयांतूनही तयार होते. सुटलेल्या बाईला घरात घेताना तिच्या हातात काय आहे हे पाहिलं जातं, आणि मुलांचा ताबा मागताना कोर्टातही. तिथे गुणपत्रिकेला वजन असतं.

ओळखपत्रावरच्या पत्त्याचाही एक पेच आहे. कारागृहाचा पत्ता घातला तर पुस्तकं वेळेवर येतात, पण ते ओळखपत्र ती बाहेर कुठेच दाखवू शकत नाही. घरचा घातला तर पुस्तकं सासरी जातात आणि रद्दीत निघतात. पत्रव्यवहाराचा पत्ता विद्यापीठाच्या विभागीय केंद्राचा ठेवून गठ्ठा तिथून कारागृहात पोचवायचा, ही सोय दोन कार्यालयांच्या संमतीने होते.

सुटकेच्या वेळी दरवाजाजवळच्या कार्यालयात एक नोंदवही उघडतात. आत येताना जमा केलेल्या वस्तू एकेक करून परत देतात: मंगळसूत्र पिवळ्या धातूचं, जोडवी, घड्याळ बंद अवस्थेत, पर्स, रोख इतके रुपये. प्रत्येक ओळीसमोर बाईची सही किंवा अंगठा. त्या यादीत आणखी एक ओळ छापून घ्यायची: शिक्षण फाईल, नोंदणी क्रमांकासह, सोबत केंद्रबदलाचा भरलेला अर्ज. आणि त्या ओळीसमोर अंगठा चालणार नाही, सहीच हवी.